विंडोजवर बैल दिसतो, लिनक्सवर नुसतं घुंगरू वाजतं

"भाऊ, बैल कुठी गेला?"

गेल्या हिवाळ्यात हा प्रश्न मी चारदा ऐकला. आणि चारही वेळा त्याच्या आदल्याच आठवड्यात मी छातीठोकपणे सांगितलं होतं, की आता दुरुस्त झालं म्हणून.

आधी पार्श्वभूमी सांगतो, कारण अडचण त्यातच दडली आहे. वरूड तालुक्यातल्या आमच्या गावात एक अभ्यासिका आहे. सकाळी भरतीची पोरं बसतात, संध्याकाळी शाळेची पोट्टी. तिथे पाच डेस्कटॉप आहेत, कुठल्याशा ऑफिसातून निघालेले, दुसऱ्या पिढीचे आय-थ्री, चार जीबी रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ या मशीनांवर रीतसर बसत नाही. म्हणून माझ्या पुतण्यानं चारांवर लिनक्स मिंट २१.३ टाकलं, पाचव्यावर डेबियन ११ आधीपासूनच होतं. मी स्वतः गावात ऑनलाइन सेंटर चालवतो, सातबारा, पीक विमा, दाखले. अंगठ्याच्या मशीनपायी माझा लॅपटॉप विंडोजवरच आहे आणि राहील. रिकाम्या वेळात त्याच लॅपटॉपवर गोडॉट इंजिन घेऊन मी एक छोटा गेम करतोय, 'तान्हा पोळा'. चाकाचा लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघर न्यायचा, झडती (पोळ्याचं गाणं) म्हणायची, बोजारा (घरोघरी मिळणारा खाऊ-पैसा) गोळा करायचा. बस, एवढंच.

म्हणजे गेम बनतो विंडोजवर, खेळला जातो लिनक्सवर. मी गिटवर, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या वहीत, पुश करतो (चढवतो), पुतण्या आपल्या उबुंटूवर (तेही लिनक्सच) पुल करून (उतरवून) एक्स्पोर्ट करतो, म्हणजे खेळता येईल असा गेम बांधतो आणि पेनड्राइव्हनं अभ्यासिकेत टाकतो.

लक्षण असं. माझ्याकडे सगळं ठीक. अभ्यासिकेत गेम उघडतो, अंगण दिसतं, कवेलूची घरं दिसतात, दोरी ओढली की घुंगरू वाजतं, पण बैलाच्या जागी काहीच नाही. एररचा डबा नाही, गेम बंदही पडत नाही. मी म्हटलं, ग्राफिक्सचा लोचा असेल, जुनी मशीनं आहेत. पुतण्यानं तिथंच काहीतरी केलं, बैल आला. आठ दिवसांनी नवा बिल्ड गेला आणि बैल पुन्हा गायब. त्याच्या पुढच्या आठवड्यात बैल होता तर तुळशी वृंदावन नव्हतं.

पहिली गोष्ट: अंदाज बंद, लॉग उघडा

ही अक्कल मला तिसऱ्या खेपेला आली. गोडॉटचा एक्स्पोर्ट केलेला गेम डेस्कटॉपवर चालतो तेव्हा तो आपला लॉग, म्हणजे काय काय झालं त्याची नोंद, फाइलीत लिहून ठेवतो, त्यासाठी काही चालू करावं लागत नाही. लिनक्सवर ही फाइल होम फोल्डरमध्ये, डॉट-लोकलच्या आत शेअर, त्यात गोडॉट, त्यात ॲप-युजरडेटा, मग तुमच्या गेमचं नाव आणि शेवटी लॉग्ज. टिंबानं सुरू होणारं फोल्डर लपलेलं असतं. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल एच दाबलं की दिसतं. ज्या पोट्ट्याला टर्मिनल म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यालाही फोनवरून एवढं सांगता येतं. आमच्या सातवीतल्या एकानं लॉगचा फोटो काढून मला पाठवला, तोही वाकडा, पण वाचता आला.

त्यात चक्क लिहिलं होतं: फेल्ड लोडिंग रिसोर्स, आणि पुढे बैलाच्या चित्राचा रस्ता, म्हणजे पाथ. त्या रस्त्यात फाइलचं नाव लहान बी-नं सुरू होत होतं. माझ्या फोल्डरात तीच फाइल मोठ्या बी-नं होती.

झालं. विंडोजच्या नेहमीच्या डिस्कवर मोठा बी आणि लहान बी हे फाइलच्या नावात एकच. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवर, म्हणजे ईएक्सटी४ वर, त्या दोन निराळ्या फाइली. एक मागितली तर दुसरी मिळत नाही. आपल्याला हे पटकन दिसत नाही, त्याला माझ्या मते एक साधं कारण आहे. देवनागरीत मोठं अक्षर आणि लहान अक्षर अशी भानगडच नाही. 'ब' हा 'ब' असतो, वाक्याच्या सुरुवातीला काय नि मधे काय. इंग्रजी नाव वाचतानाही आपला डोळा आवाज वाचतो, अक्षराची उंची वाचत नाही.

तोवर मी लिनक्सला बऱ्याच शिव्या घालून झाल्या होत्या. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही एकदा विंडोजचाच एक्स्पोर्ट काढून पाहा ना." काढला. माझ्याच लॅपटॉपवर, विंडोजवर, बैल गायब! कारण एक्स्पोर्ट करताना गोडॉट सगळा माल एका पीसीके फाइलीत बांधतो, आणि त्या गाठोड्याच्या आत लहान-मोठं अक्षर वेगळंच धरलं जातं, बाहेर विंडोज असो की लिनक्स की अँड्रॉइड. मी रोज एडिटरमधून एफ-पाच दाबून खेळत होतो. तिथं गोडॉट विंडोजच्या डिस्कवरून थेट वाचतो आणि नाव जुळत नसलं तर खालच्या आउटपुटमध्ये पिवळी सूचना देऊन पुढे जातो. त्या सूचना मी महिनाभर पाहत होतो, पाहून सोडून देत होतो. चूक माझ्याच घरातली होती. लिनक्सनं फक्त ती झाकली नाही.

मग ती परत परत का येत होती

खरी गंमत इथं आहे, आणि हे तुमच्याही वाट्याला येऊ शकतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

लॉग पाहिल्यावर मी काय केलं? एक्स्प्लोररमध्ये फाइलवर उजवी क्लिक, रिनेम, मोठा बी काढून लहान बी. कमिट (बदलाची गिटमध्ये नोंद), पुश. पुतण्याला फोन: "झालं, घे." त्यानं घेतलं. त्याच्याकडे फाइल मोठ्या बी-नंच!

विंडोजवर गिट रिपॉझिटरी बनवतं तेव्हा डिस्क कशी आहे ते तपासून 'इग्नोअर-केस' नावाची एक सेटिंग आपणहून चालू करतं. मग तुम्ही नावातलं फक्त लहान-मोठं बदललं तर गिटच्या लेखी काहीच बदललेलं नसतं. त्याच्या वहीत जुनंच नाव राहतं आणि तेच पुश होतं. त्या कमिटमध्ये माझे इतर दहा बदल होते, त्यामुळे हा एक गेलाच नाही हे लक्षात आलं नाही. इकडे पुतण्या वैतागून आपल्या मशीनवर हातानं नाव बदलायचा आणि एक्स्पोर्ट करायचा. बैल दिसायचा, पोट्टी खूश. पण त्याची दुरुस्ती त्याच्याच फोल्डरात राहायची. पुढच्या वेळी त्यानं जागा मोकळी करायला सगळं पुसून नव्यानं क्लोन केलं (गिटवरून पूर्ण प्रत उतरवली), की मूळ नाव परत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी माझ्याकडे विझवतोय, तो त्याच्याकडे विझवतोय, आणि जळतंय ते गिटच्या वहीत.

तिथं नाव खरंच बदलायचं तर गिटलाच सांगावं लागतं. कमांडी इथे मी देवनागरीत लिहितोय, टाइप रोमनमध्येच करायच्या. 'गिट एमव्ही' वापरायचं, आणि मी तरी दोन टप्प्यांत करतो: आधी जुन्या नावावरून तात्पुरतं भलतंच नाव, मग त्या नावावरून हवं ते लहान अक्षरांचं नाव. सोबत त्याच चित्राची इम्पोर्ट फाइल असते, तीही तशीच हलवायची. नंतर प्रोजेक्ट उघडलं की गोडॉटला चित्र हललेलं कळतं आणि तो ते नव्यानं इम्पोर्ट करतो. मग 'गिट एलएस-फाइल्स' म्हणायचं आणि जी यादी येईल ती डोळ्यांनी वाचायची. एक्स्प्लोररमध्ये काय दिसतं त्यावर जाऊ नका. पुतण्याला मिळणार आहे ते या यादीत आहे.

इग्नोअर-केस हातानं बंद करा असा सल्ला तुम्हाला कुठेतरी मिळेल. नेहमीच्या विंडोज फोल्डरात ते करू नका. डिस्क एक सांगते, गिट दुसरं समजतं आणि एकाच फाइलीच्या दोन नोंदी होऊन बसतात. मी करून भोगलेलं आहे.

बैल सापडला, पण वृंदावन? ते आणखी वेगळ्या तऱ्हेनं हरवत होतं. सीनमध्ये चित्र ओढून टाकलं की गोडॉट ४ त्याला युआयडी, म्हणजे एक ओळखक्रमांक, देतो आणि रस्त्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी त्या ओळखीवरून शोधून काढतो. त्यामुळे ओढून टाकलेली चित्रं बहुतेक वाचतात. मरतात ती कोडमध्ये अवतरणात लिहिलेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुकडे जोडून तयार केलेली. माझ्या गेममध्ये प्रत्येक घराची माहिती एका जेसन फाइलीत होती. पाटलांचं घर, सोनारांचं घर, आणि घराच्या नावावरून चित्राचा रस्ता कोडमध्ये जोडला जायचा. जेसनमध्ये काही नावं मी मोठ्या अक्षरानं लिहिली होती, काही लहान. तिसऱ्या गल्लीत गेल्याशिवाय ती चूक दिसायचीच नाही. मी पहिल्या गल्लीपुरतं तपासून 'चालते' म्हणायचो.

एडिटरमध्ये कंट्रोल शिफ्ट एफ दाबून 'रेस' कोलन आणि दोन तिरप्या रेघा शोधा. कोडमध्ये रस्ता जिथे जिथे लिहिलाय ती प्रत्येक जागा समोर येते. माझ्याकडे एकेचाळीस निघाल्या. त्यातल्या जमतील तेवढ्या मी एक्स्पोर्ट व्हेरिएबल (इन्स्पेक्टरमधून भरता येणारी जागा) करून इन्स्पेक्टरमध्ये चित्र ओढून टाकलं. उरलेल्यांना रस्ता जोडण्याआधी 'टू-लोअर' (सगळी अक्षरं लहान करणारी आज्ञा) लावलं आणि सगळ्या फाइली, सगळी फोल्डरं लहान अक्षरांत, शब्दांमध्ये खालची रेघ, अशी करून टाकली. गोडॉटच्या कागदपत्रांतही हीच पद्धत सुचवली आहे. एका संध्याकाळचं काम होतं. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू होती, बाहेर गाड्या भरत होत्या आणि मी आत बसून 'कॅपिटल टी, स्मॉल टी' करत होतो.

फाइलींना सरळ मराठी नावं द्यावीत, लहान-मोठ्याचा प्रश्नच मिटेल, हाही विचार केला. पण तिथं दुसरं दुखणं आहे. 'दुसऱ्या'तला ऱ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो, एक अखंड अक्षर म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता असा. डोळ्याला दोन्ही सारखेच, फाइलीच्या नावात दोन्ही वेगळे. म्हणजे निदान दिसणाऱ्या चुकीच्या जागी न दिसणारी चूक. नको बावा.

शेवटचा आणि माझ्या मते खरा उपाय: आपलंच मशीन तितकं कडक करायचं. विंडोजमध्ये एखादं फोल्डर लहान-मोठं अक्षर पाळणारं करता येतं. त्यासाठी आधी विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स हे फीचर चालू करा. मग नवं रिकामं फोल्डर बनवा, ॲडमिन म्हणून पॉवरशेल उघडा आणि 'एफएस-युटिल फाइल सेट-केस-सेन्सिटिव्ह-इन्फो', पुढे फोल्डरचा रस्ता, पुढे 'एनेबल'. आता प्रोजेक्ट त्याच्यात नव्यानं क्लोन करा. नव्यानं म्हणतोय ते मुद्दाम, कारण ही खूण आधीपासूनच्या आतल्या फोल्डरांना आपोआप लागत नाही, नव्यानं बनणाऱ्यांना लागते. आणि क्लोन करताना गिट डिस्क पुन्हा तपासतं, तेव्हा इग्नोअर-केसही योग्य तेच ठरतं. हे केल्यापासून माझ्या लॅपटॉपवर एफ-पाच दाबलं तरी चुकीच्या नावाचा बैल दिसत नाही. जे तिथं मोडायचं ते इथंच मोडतं, चहा गरम असतानाच.

बैल बरोबर आहे, तरी चालत नाही?

तर मग यातलं काहीतरी असेल. हे सगळं आमच्याकडे झालेलं आहे.

डबल क्लिक केलं आणि काहीच झालं नाही, किंवा फाइल कशानं उघडू असं विचारलं: चालवण्याची परवानगी नाही. प्रॉपर्टीज, परमिशन्स, प्रोग्राम म्हणून चालू द्या ही चौकट, किंवा टर्मिनलवर 'सीएचमॉड प्लस एक्स'. पण पेनड्राइव्हवर असताना हे करू नका. फॅट३२ मध्ये ही परवानगी साठवायला जागाच नसते, टिक केली तरी टिकत नाही. आधी होममध्ये कॉपी, मग टिक. आता पुतण्या लिनक्सवरच टारची पेटी बांधून देतो, तिच्यात परवानगी सोबत जाते.

गेम उघडतो न उघडतो तोच मिटतो आणि टर्मिनलवरून चालवला तर प्रोजेक्ट डेटा सापडला नाही असं येतं: कुणीतरी नुसती चालवायची फाइल उचलली, पीसीके मागे राहिली. दोन्हींचं नाव सारखं आणि जागा एकच हवी. नाहीतर एक्स्पोर्ट करताना 'एम्बेड पीसीके' वर टिक करा, एकच फाइल होते.

एक्स्पोर्टच होत नाही: टेम्पलेट (एक्स्पोर्टसाठी वेगळे उतरवायचे गोडॉटचे साचे) आणि एडिटर एकाच आवृत्तीचे नाहीत. ४.३ ला ४.३ चेच लागतात. टेम्पलेटचं डाउनलोड एडिटरच्या कित्येक पट मोठं असतं आणि गावात दिवसाच्या पॅकवर ते एकदाच परवडतं. म्हणून आम्ही दोघांनी ठरवून टाकलं, पोळा होईपर्यंत कोणी अपडेट करायचं नाही.

बोजारा साठत नाही, गेम बंद केला की पुन्हा शून्य: तुम्ही 'रेस' च्या रस्त्यावर सेव्ह करताय. एडिटरमध्ये ते चालतं, एक्स्पोर्ट झाल्यावर तो भाग फक्त वाचायचा असतो. सेव्ह नेहमी 'युजर' च्या रस्त्यावर.

काळा पडदा किंवा व्हल्कनची तक्रार: यावर जरा बोलतो. नव्या प्रोजेक्टला गोडॉट ४ 'फॉरवर्ड प्लस' रेंडरर देतो, त्याला व्हल्कन (ग्राफिक्स चिपशी बोलायची नवी पद्धत) लागतं. दुसऱ्या पिढीच्या आय-थ्रीतल्या इंटेल एचडी २००० ला व्हल्कन नाहीच. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये रेंडरिंग मेथड 'कंपॅटिबिलिटी' करा, त्याला ओपनजीएल (तशीच जुनी पद्धत) ३.३ पुरतं. आता गंमत पाहा. याच चिपचा विंडोजवरचा इंटेलचा ड्रायव्हर ओपनजीएल ३.१ वर थांबतो, लिनक्सवरचा मेसा मात्र ३.३ देतो. म्हणजे ज्या डब्यावर विंडोजमध्ये गोडॉट ४ चा ओपनजीएल उभा राहिला नसता, त्याच डब्यावर मिंटमध्ये आमचा बैल चालतो. तुमच्या मशीनचं पाहायचं तर मेसा-युटिल्स हे पॅकेज टाकून 'जीएलएक्स-इन्फो डॅश बी' चालवा, बी मोठा. आवृत्ती आणि ड्रायव्हरचं नाव, दोन्ही येतात. टू-डी गेमला कंपॅटिबिलिटीच ठेवा असं माझं मत आहे, मशीन नवं असलं तरी.

डेबियनच्या डब्यावर एकदा 'जीलिबसी २.३८ नाही' असं आलं. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रामांना लागणारी मूळ लायब्ररी. पुतण्यानं बोजाऱ्याच्या हिशोबासाठी एक प्लगइन आपल्या उबुंटू २४.०४ वर कंपाइल केलं होतं. उबुंटू २४.०४ ची जीलिबसी २.३९, डेबियन ११ ची २.३१. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालत नाही, जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं. गोडॉटचे अधिकृत टेम्पलेट या हिशोबानंच बांधलेले असतात, अडतं ते आपण जोडलेलं. पाच पोट्ट्यांच्या बोजाऱ्याला डेटाबेस कशाला, असं म्हणून मी प्लगइनच काढलं.

अक्षरांचं दुखणं

एवढं जुनं मशीन आहे तर गोडॉट ३ का नाही, असं पुतण्यानंही विचारलं होतं. ३ मध्ये ओपनजीएल २.१ वर भागणारा रेंडरर आहे, हलका आहे. पण माझ्या गेममध्ये झडत्या आहेत. 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' ही ओळ गोडॉट ३ च्या लेबलमध्ये टाकून पाहा. 'पार्वती'तला रफार व च्या डोक्यावर चढत नाही, र पाय मोडून बाजूला उभा राहतो. 'किती'तली ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी यायची ती नंतर येते. कारण ३ अक्षरं ओळीनं मांडतो, जोडत नाही. ४ मध्ये हार्फबझ आहे, तो जोडाक्षरं नीट बसवतो. मराठीत गेम करायचा तर हा एकच मुद्दा ४ साठी पुरेसा आहे.

पण ४ मध्येही डेबियनच्या डब्यावर झडतीच्या जागी चौकोनांची रांग आली. प्रत्येक चौकोनात बारीक आकडे. मी आधी घाबरलो, मग एक आकडा वाचला: ०९२४. हा तर 'त' चा युनिकोड क्रमांक! म्हणजे अक्षर बरोबर पोचलंय, ते काढायला फॉन्ट नाही. गोडॉटच्या आतल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. तो अडला की मशीनवरचा एखादा फॉन्ट उसना घेतो. माझ्या विंडोजवर निर्मला आहे, म्हणून मला कधी जाणवलंच नाही. डेबियन पुतण्यानं कमीत कमी पॅकेजं टाकून बसवलेलं, तिथं उसनं द्यायलाही कोणी नव्हतं. वेब एक्स्पोर्ट केला तर तिथंही हेच चौकोन येतात, ब्राउझरमध्ये उसनवारी चालत नाही.

नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवा आणि प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जीयूआय, थीम, कस्टम फॉन्ट इथं लावा. लायसन मोकळं आहे, गेमसोबत वाटायला हरकत नाही. आणि महत्त्वाचं: फॉन्ट निवडून इम्पोर्ट टॅबमधली 'अलाउ सिस्टिम फॉलबॅक' ही टिक काढून टाका. आता जे अक्षर त्या फॉन्टमध्ये नसेल त्याचा चौकोन तुमच्याच मशीनवर दिसेल. फोल्डर कडक केलं तसंच हे. मला लगेच दिसला, मेनूमध्ये मी एक बाण टाकला होता त्याचा.

गेमचा आकार कमी करायला स्वतःचे टेम्पलेट बांधत असाल तर टेक्स्ट सर्व्हर ॲडव्हान्स्ड हा भाग गाळू नका. तो गेला की जोडाक्षरं परत गोडॉट ३ च्या वळणावर.

हे सगळं झाल्यावर गावातले एक निवृत्त गुरुजी नातवाला घ्यायला अभ्यासिकेत आले. पडद्याकडे वाकून, चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "बोला मधला ल आपला नाही बरं का हा." बरोबर होतं त्यांचं. नोटोमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी वळणही त्याच फॉन्टमध्ये आहे, पण मजकूर मराठी आहे हे सांगितल्याशिवाय तो ते काढत नाही. लेबलच्या गुणधर्मांत 'लँग्वेज' असते, तिथं मराठीचा कोड, एम आर, लिहा. ल लगेच आपलं वळण घेतो. पुढच्या खेपेला गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून ही शाबासकीच.

आता उरलाय आवाज. तिसऱ्या नंबरच्या डब्यावर घुंगरू तडतडायचं, जसं पावसात रेडिओ. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये ऑडिओ, ड्रायव्हर, 'आउटपुट लेटन्सी' आहे, मुळात १५ मिलिसेकंद. ३० केल्यावर तडतड बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. १५० करून पाहिलं, आवाज अगदी स्वच्छ, पण बैल थांबल्यावर घुंगरू वाजायला लागलं. सध्या ४० वर आहे.